घरातले भांडारकर



वडील-आजोबांच्या आठवणी म्हटल्या की आपल्याला लाड नि खाऊ आठवतो. मी आज एका निराळ्या पित्याविषयी दोन शब्द बोलणार आहे.

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर (१८३७–१९२५) हे संस्कृतचे थोर पंडित. पुण्यात १९१७ साली स्थापन झालेल्या प्राच्यविद्या संशोधन मंदिराला त्यांचेच नाव आहे. पण मला ते वंदनीय वाटतात ते घरातल्या वागणुकीमुळे.

त्यांच्या लेकीला वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला बहुधा केशवपन आणि माजघरातला कोपरा येई. भांडारकरांनी लोकांचा रोष पत्करून १८९१ साली तिचा पुनर्विवाह करून दिला. त्याच वर्षी संमतिवयाच्या कायद्याच्या बाजूने त्यांनी धर्मग्रंथांतलेच आधार दाखविले. मुलींना शिकविले, नातींनाही शिकविले.

भगिनींनो, सभेत सुधारणा बोलणे सोपे. ती उंबरठ्याच्या आत आणणे कठीण. आपल्या लेकीसुनांवर प्रसंग आला, तर ‘लोक काय म्हणतील’ याच्या आधी आपल्याला हा पिता आठवावा, एवढेच मागते आणि आपली रजा घेते.