अक्षर तेच, खूण निराळी

मेंदूतल्या ग्लायोब्लास्टोमा या गाठीच्या तपासणी अहवालात हल्ली बहुधा एक ओळ असते : ‘एमजीएमटी मिथिलेटेड’ किंवा ‘अनमिथिलेटेड’. नातेवाईक ती दोनदा वाचतात आणि कागद घडी घालून ठेवतात. आज त्या ओळीविषयी बोलू.

एमजीएमटी हे एक जनुक. त्याच्यापासून बनणारं प्रथिन डीएनएची डागडुजी करतं. टेमोझोलोमाइड हे औषध कर्कपेशीचा डीएनए बिघडवतं आणि हे प्रथिन तो बिघाड दुरुस्त करून टाकतं. घरचा पहारेकरीच चोराच्या मदतीला! काही गाठींत मात्र या जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटलेले असतात. अक्षरं तीच, पण जनुक मुकं होतं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जनुक असं मुकं झालेल्या रुग्णांपैकी किरणोपचारांबरोबर हे औषध घेणारे ४६ टक्के रुग्ण दोन वर्षांनी हयात होते. सुरुवातीला नुसते किरणोपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे २३ टक्के.

पण ही खूण ओळखायची कशी? डीएनए वाचण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ती दिसतच नाही. १९९२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी युक्ती काढली. डीएनए सोडियम बायसल्फाइटच्या द्रावणात ठेवायचा. त्यात साधं ‘सी’ हे अक्षर बदलतं आणि पुढे ‘टी’ असं वाचलं जातं. मिथाइल लागलेलं ‘सी’ तसंच राहतं.

ऐकायला सोपं आहे. पण हेच द्रावण डीएनएचे तुकडेही करतं. त्यात गाठीचा नमुना आधीच फॉर्मेलिनमधून काढून मेणात बसवलेला. नातेवाईक पिशवीत घालून या रुग्णालयातून त्या प्रयोगशाळेत नेतात तोच ‘ब्लॉक’. त्यातला डीएनए मुळातच जुन्या कागदासारखा ठिसूळ. रसायनाचं काम अर्धवट राहिलं, तर साधं ‘सी’सुद्धा मिथाइल लागलेलं भासतं आणि अहवाल खोटी आशा देतो. नमुन्यात निरोगी पेशी जास्त आल्या, तर उलट घडतं. असलेली खूण फिकी पडते. म्हणून आधी सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचा भाग आखून घेतात आणि उत्तर ठाऊक असलेले दोन नमुने, एक मिथाइलवाला, एक बिनमिथाइलचा, सोबत तपासतात. हा वेळ वाया गेला असं कुणी समजू नये.

वयस्कर रुग्णाला दोन्ही उपचार एकदम झेपणार नसतील, तेव्हा गोळ्या की किरण, हे ठरवताना डॉक्टर ही ओळ बघतात. निकाल काठावरचा असेल, तर नमुन्यात गाठीच्या पेशी किती होत्या, एवढं त्यांना जरूर विचारा.