चोख



सोनाराकडं गेलो की आपण विचारतो, सोनं चोख हाय का? चोख म्हणजे शुद्ध, बिनभेसळ. मूळ संस्कृत शब्द 'चोक्ष'. आता बघा, ज्यांचं नावच चोखा, त्यांना विटाळ म्हणून देवळाबाहेर ठेवलं. समाधीही महाद्वारापाशीच. १९४७ साली साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा त्यांच्या समाजाला विठ्ठलाचं दार उघडलं.

'पवित्र' आणि 'पवन' एकाच 'पू' धातूचे, म्हणजे साफ करणं. आम्ही शेतकरी खळ्यावर उपणतो, तेव्हा वारा धान्य कुणाच्या रानातलं ते विचारीत नाही, फोल तेवढं उडवतो. नाम हा तसाच वारा हाय. तेव्हा माउली, दिंडीच्या पंगतीत शेजारी कुणीही बसो, आपलं पान हलवू नका.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!