नाचायचे बूट आणि बाईची सुट्टी

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात 'बाईचा मोकळा वेळ' या सत्रात केलेले भाषण)



मोकळ्या वेळावर बोलायचं म्हटल्यावर मी बुटांबद्दल बोलणार आहे, याचं काही जणींना हसू आलं. येऊ द्या. मी लिंडी हॉप नावाचा नाच नाचते. त्यासाठी जुन्या धाटणीचे, म्हणजे १९३०-४० च्या वळणाचे बूट लागतात. ते शोधत दुकानं पालथी घालत होते, तेव्हा आपल्यातल्याच एकीनं विचारलं, "अगं, चळवळीतल्या बाईला हे कसले शौक?" तिचा प्रश्न मी टोमणा म्हणून घेत नाही. त्याचं नीट उत्तर द्यायला हवं, आणि ते शोधायचं तर हा नाच कुणाचा, इथून सुरुवात करावी लागते.

लिंडी हॉप हा स्विंग संगीतावरचा जोडीचा नाच. १९२० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत काळ्या तरुण-तरुणींनी तो घडवला. त्याचं माहेरघर म्हणजे लेनॉक्स अव्हेन्यूवरचं सॅव्हॉय बॉलरूम. ते १९२६ साली सुरू झालं, १९५८ साली बंद पडलं. त्याच हार्लेममधल्या कॉटन क्लबात काळे कलाकार नाचत-गात आणि प्रेक्षक मात्र गोरे असत. सॅव्हॉयमध्ये काळे आणि गोरे एकाच लाकडी जमिनीवर नाचत. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सॅव्हॉयची गुरुवारची रात्र. तिला नावच होतं 'किचन मेकॅनिक्स नाइट'. स्वयंपाकघरातले मेकॅनिक म्हणजे कोण? गोऱ्यांच्या घरी राहून धुणं, भांडी, स्वयंपाक, मुलं सांभाळणं करणाऱ्या बायका. त्यांना आठवड्यात सुट्टी मिळे ती बहुधा गुरुवारी. त्या दिवशी दुसऱ्याच्या घरातून बाहेर पडून त्या सॅव्हॉयमध्ये येत. आज जगभर 'विंटेज' म्हणून ज्या नाचाची हौस केली जाते, तो मोलकरणींनी आपल्या सुट्टीच्या रात्री नाचलेला नाच आहे.

त्यांचे इतर दिवस कसे जात होते? १९३५ साली एला बेकर आणि मार्व्हल कुक या दोघींनी 'द क्रायसिस' मासिकात लेख लिहिला. ब्राँक्समधल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर काळ्या बायका रोजच्या घरकामासाठी उभ्या राहत आणि गोऱ्या गृहिणी तासावर भाव करून त्यांना घेऊन जात. लेखिकांनी त्याला गुलामांचा बाजार म्हटलं. आपल्या मजूर अड्ड्याची आठवण यावी असंच ते चित्र. १९३८ साली अमेरिकेत किमान वेतन आणि कामाचे तास ठरवणारा कायदा आला, पण घरकामगार बायकांना त्याचं संरक्षण १९७४ सालापर्यंत मिळालं नाही. म्हणजे ज्या वर्षांत सॅव्हॉयची जमीन घुमत होती, त्या सगळ्या वर्षांत तिथे गुरुवारी येणाऱ्या बायकांच्या कामाला कायदा काम मानत नव्हता.

नॉर्मा मिलर ही त्याच वस्तीतली मुलगी. तिचा जन्म १९१९ चा. जन्माआधीच वडील गेले, आईनं दोन मुलींना वाढवलं. सॅव्हॉयच्या मागच्या बाजूच्या घरातून ती नाच पाहत पाहत शिकली आणि पुढे मोठी नर्तकी झाली. २०१९ साली, नव्व्याण्णवाव्या वर्षी ती वारली. १९४१ च्या 'हेल्झापॉपिन' चित्रपटात ती आणि तिचे साथीदार नाचतात. इतका वेगवान, इतका अवघड नाच, पण सगळ्यांच्या अंगावर कपडे कसले? आचाऱ्यांचे, मोलकरणींचे, नोकरांचे. पडद्यावर यायचं तर नोकर म्हणूनच यायचं.

आता बूट. आपण फुगडी घालतो ती अनवाणी, गुळगुळीत फरशीवर. रबरी चप्पल घालून फुगडी घालून पाहा, म्हणजे काय होतं ते कळेल. चप्पल जमिनीला धरून बसते, अंग फिरतं आणि मधल्या मधे गुडघा पिळवटतो. लिंडी हॉपचं तेच आहे. बाई चवड्यावर पावलं या बाजूला त्या बाजूला वळवत पुढे येते. तळ थोडा घसरला पाहिजे, पण पाय निसटता कामा नये. म्हणून तळाला चामडं किंवा स्वेड लागतं. टाच दोन इंचांहून उंच नको, आणि हवी ती रुंद. पावलावर पट्टा हवा, म्हणजे उडी मारताना बूट पायातच राहतो. १९३०-४० च्या बुटांत हे बरंचसं असतं, म्हणून नाचणाऱ्या बायका त्या धाटणीकडे वळतात. खिळ्यासारखी बारीक उंच टाच आली ती १९५० च्या दशकात.

दुकानात मात्र जुन्या धाटणीचे म्हणून जे दाखवतात, त्यात पुष्कळदा नुसता चेहरा जुना असतो. वर सुंदर दोन रंग, इंग्रजी टी अक्षरासारखा पट्टा, आणि खाली कडक प्लास्टिकचा तळ. मी बूट हातात घेऊन वाकवते. तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे; मधोमध दुमडला तर आतली आधाराची पट्टी कमजोर आहे. टाच धरून हलवते. तळ शिवलेला आहे की नुसता चिकटवलेला, ते पाहते. मग दोन्ही पायांत घालून एका पायावर उभी राहते आणि चवड्यावर फिरून बघते. एका दुकानात विक्रेता म्हणाला, "मॅडम, हे दिसायला आहेत, नाचायला नाहीत." तो प्रामाणिक होता. त्याच दुकानात पुरुषांच्या बाजूला त्याच किमतीत शिवलेल्या चामडी तळाचे, बुटक्या टाचेचे, वर्षानुवर्षं टिकणारे बूट होते. पुरुषाचा बूट चालण्यासाठी आणि बाईचा बघण्यासाठी, ही वाटणी तिथे किंमतपट्टीसकट मांडून ठेवलेली होती.

खरे जुने बूट मिळाले तर घ्यावेत का? शोभेला ठीक. पण जुना डिंक आणि रबर वाळून ठिसूळ होतं. नाचताना तळ सुटतो. खास नाचणाऱ्यांसाठी नव्याने बनवलेले बूट परदेशातून मागवता येतात, पण त्यावर टपालखर्च आणि सीमाशुल्क चढतं. म्हणून आमच्यापैकी बऱ्याच जणी सोपी वाट धरतात. शाळेत पीटीला घालायचे तसले पांढरे कॅनव्हासचे बूट घ्यायचे आणि मोचीकडून त्यांच्या रबरी तळावर स्वेड चिकटवून घ्यायचं. ते बूट रस्त्यावर घालायचे नाहीत, ओले होऊ द्यायचे नाहीत, आणि स्वेड गुळगुळीत झालं की तारेच्या ब्रशनं घासायचं. यात विटंबना काही नाही. सॅव्हॉयच्या काळातही साधे कॅनव्हासचे बूट घालून नाचणारे होतेच. १९४३ साली युद्धामुळे अमेरिकेत बुटांचं रेशनिंग आलं आणि माणशी वर्षाला तीनच जोड मिळू लागले. तेव्हाही नाच थांबला नाही.

मोचीचं नाव निघालं, तर तिथे थोडं थांबू. चामड्याचं काम आपल्याकडे कुणाच्या वाट्याला आलं आणि का, हे या सभेत वेगळं सांगायला नको. त्यातही बाईचं काम दिसतच नाही. कोल्हापुरी चपलेवरची वेणी पुष्कळदा घरातल्या बाईच्या हातची असते, पण कारागीर म्हणून नाव पुरुषाचं. तमिळनाडूत अंबूर भागात बायका घरी बसून निर्यातीच्या बुटांचे वरचे भाग हातानं शिवतात, जोडावर मजुरी घेतात. त्यांना ना रजा, ना विमा. म्हणून बुटाची किंमत विचारताना तो कुणी शिवला, हेही मी विचारते. दुकानदाराला बहुतेक वेळा सांगता येत नाही. तरी विचारायचं. कारागिराकडून करून घेतला तर घासाघीस न करता पैसे द्यायचे.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. नाचणं हा शौक आहे का? आपल्याकडे नाचणं काही जातींच्या बायकांवर पोटासाठी लादलं आणि वर त्यांनाच नावं ठेवली. बाकीच्या बायकांना मंगळागौरीच्या रात्रीपुरती मोकळीक. दोन्हीकडे बाईला स्वतःसाठी नाचायची सवड नाही. आपण चळवळीत बाईचे श्रम मोजायला शिकलो, तिच्यावरचा हिंसाचार बोलायला शिकलो. तिची विश्रांती आणि तिची मौज मात्र अजून आपल्याला थोडी लाजिरवाणी वाटते. हार्लेमच्या बायकांना ती तशी वाटली नाही. सहा दिवस दुसऱ्याच्या चुलीपुढे वाकलेलं अंग एका रात्री त्यांनी आपल्या मर्जीनं फिरवलं.

पण त्या रात्रीसाठी आधी सुट्टी असावी लागते. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला. त्यानंतर त्यांच्या संघटना पगारी रजेसाठी सतत भांडत आल्या आहेत. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात नोंदणी आहे, कल्याणाच्या योजना आहेत. २०११ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं ठराव क्रमांक १८९ मंजूर केला. त्यात घरकामगाराला आठवड्यात सलग चोवीस तास विश्रांती मिळालीच पाहिजे असं म्हटलं आहे. भारतानं त्यावर अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही.

म्हणून मी तिला एवढंच सांगेन, की बूट जरूर घे, नीट पारखून घे, तुझ्या पायाला सोसतील असे घे. आणि आपण नाचायला जातो त्या संध्याकाळी आपल्या घरची भांडी कोण घासतंय, तिला आठवड्याची सुट्टी आहे का, त्या दिवसाचा पगार कापला जातो का, हे प्रत्येकीनं आपापल्या घरात तपासू या. पुढच्या बैठकीला येताना आपल्या गटातल्या किती घरांत ही सुट्टी सुरू झाली, त्याची यादी घेऊन या. पत्रकं काढायला आणि सह्या गोळा करायला आपण बाहेर पडूच. पण त्याआधी ही यादी आपल्यापासून सुरू होऊ दे.

आज रात्री जेवणानंतर अंगणात फुगडी आहे. ज्यांना लिंडी हॉपची पावलं शिकायची असतील त्यांनी थांबावं. बुटांची गरज नाही, फरशी गुळगुळीत आहे.