पहिले ताट कोणाचे?

(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



मी तालुका कचेरीतला साधा कारकून. भाषणाची सवय नाही. एक चूक मात्र कबूल करतो. निराधार अनुदानाच्या अर्जासाठी एक मुलगा अपंग बापाला पाठंगुळी घेऊन कचेरीचा जिना चढून आला. एक दाखला कमी होता. नियमाप्रमाणे मी परत पाठविले. ते पुन्हा आलेच नाहीत. त्या रात्री मला घास गोड लागला नाही.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. पण ज्याला चालवत नाही, त्याच्या दारी हे कोण नेणार? गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) धर्मशाळा बांधल्या, सदावर्ते चालविली, आंधळ्यापांगळ्यांच्या पंगती बसविल्या.

आपल्या देवळावर कळस चढला, आनंद आहे. विनंती एवढीच, की महाप्रसादाचे पहिले ताट देवळाच्या पायऱ्या चढू न शकणाऱ्याच्या घरी जावे. ताट नेणाऱ्याने परतताना त्याचे कागद आणावेत. कोणता दाखला कमी आहे ते मी पाहीन, अर्जही लिहून देईन. जिना त्याने चढायचा नाही, मी उतरायचा.

रामकृष्ण हरी!