सार्वभौमत्व आणि हेगचा दरवाजा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि ‘वकिलीतलं सांग, पण झोप येईल असं नको’ अशी अटही घातली आहे. म्हणून आपल्या ग्रुपवर मध्यंतरी रंगलेला वादच घेतो. देश सार्वभौम असेल, तर हेगमधल्या परक्या न्यायाधीशांनी त्याला काय करावं हे सांगावंच का?

लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था आणि सार्वभौमत्व हे राज्याचे चार घटक आपण नागरिकशास्त्रात पाठ केले होते. चौथ्याचा अर्थ, बाहेरच्या कोणाचं नियंत्रण नसणं. ते बरोबरच आहे. म्हणूनच आंतरराष्ट्रीय न्यायालय कोणत्याही देशाला त्याच्या संमतीशिवाय समोर उभं करू शकत नाही. ही संमती करारातून येते, आगाऊ केलेल्या घोषणेतून येते किंवा एखाद्या खटल्यापुरती दिली जाते. ती दिल्यावर काय होतं, हे आपल्या मातीशी नातं असलेल्या तीन खटल्यांतून सांगतो.

पहिला खटला सावरकरांचा. ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात त्यांनी ‘मोरिया’ बोटीतून समुद्रात उडी घेतली, हे आपल्याला शाळेत शिकवलं होतं. त्या उडीनंतरचा खटला मात्र फारसा कोणी सांगत नाही. फ्रेंच भूमीवर फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडलं आणि इंग्रजांच्या ताब्यात दिलं. आमच्या भूमीवरून माणूस असा नेता येणार नाही, तो परत करा, असं फ्रान्सचं म्हणणं. दोन्ही देशांनी हेगच्या लवादाकडे जायचं मान्य केलं. पाच लवादांत एक इंग्रज होता आणि एक फ्रेंच. २४ फेब्रुवारी १९११ चा निकाल असा, की ताबा देण्यात अनियमितता झाली, पण कैदी परत करण्याचं बंधन ब्रिटनवर नाही. ज्याच्यासाठी हे सारं चाललं होतं, त्याला तिथे बाजू मांडायला जागाच नव्हती. वाद दोन राज्यांचा होता. निकाल लागण्याआधीच मुंबईत दोन जन्मठेपा सुनावून झाल्या होत्या.

दुसरा खटला दादरा-नगर हवेलीचा. १९५४ मध्ये हा प्रदेश मुक्त झाला आणि भारताने पोर्तुगीजांना दमणहून तिकडे जाऊ देणं थांबवलं. १९ डिसेंबर १९५५ ला पोर्तुगालने न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य केलं आणि तीनच दिवसांनी आपल्यावर दावा ठोकला. आपली संमती होती १९४० ची, ब्रिटिश अमदानीत दिलेली. ती अजून लागू होती, त्यामुळे हेगचा दरवाजा उघडा सापडला. भारताने सहा प्राथमिक हरकती घेतल्या, त्यांतल्या चार १९५७ मध्येच फेटाळल्या गेल्या. मग खटला लढावाच लागला. ॲटर्नी जनरल सेटलवाड आपल्या बाजूने उभे राहिले, आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला या खटल्यापुरते न्यायाधीश म्हणून बसले.

मला यातला सर्वांत रंजक भाग वाटतो तो पेशव्यांच्या कागदांचा. १७७९ च्या तहाने पेशव्यांनी पोर्तुगीजांना वर्षाला १२,००० रुपयांचा महसूल तोडून द्यायचं कबूल केलं होतं. पोर्तुगाल म्हणे, आम्हाला मुलूखच मिळाला. न्यायालयाने मराठी कागदातल्या शब्दांची छाननी केली आणि सांगितलं, हा सरंजाम आहे, म्हणजे महसुलाचा हक्क. यात सार्वभौमत्व दिलेलं नाही. मात्र पुढे इंग्रजांनी आणि नंतर भारताने पोर्तुगालची सत्ता मानत आल्याने तिला मान्यता मिळाली, हेही त्याच निकालात आहे. १२ एप्रिल १९६० चा निर्णय असा: सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्याचा हक्क होता, सैन्य आणि शस्त्रांना नव्हता, आणि वाट अडवून भारताने कोणतंही बंधन मोडलं नाही. सैन्याबद्दलचं मत ८ विरुद्ध ७ असं होतं. एक मत फिरलं असतं तर? १९६१ मध्ये हा प्रदेश रीतसर भारतात आला.

तिसरा खटला कुलभूषण जाधवांचा. त्याआधी एक संदर्भ हवा. १९९९ मध्ये कच्छजवळ पाडलेल्या विमानाबद्दल पाकिस्तान हेगला गेला, तेव्हा राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद आम्ही संमतीतून वगळले आहेत, असं भारताने सांगितलं. न्यायालयाने ते मानलं आणि २००० मध्ये दावा थांबवला. २०१७ मध्ये जाधवांना फाशी सुनावली गेली, तेव्हा आपण दुसऱ्या दाराने गेलो. वकिलातीशी संपर्काबद्दलच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराला जोडलेल्या पूरक करारावर दोन्ही देश बांधील होते. हरीश साळवेंनी एक रुपया मानधनावर बाजू मांडली. १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ मतांनी निकाल लागला: पाकिस्तानने कराराचा भंग केला, वकिलातीला भेटू द्यावं, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा आणि तोवर फाशी देऊ नये. शिक्षा रद्द करा, माणूस परत द्या, ही आपली मागणी मात्र मान्य झाली नाही.

मित्रांनो, निकाल आपल्या बाजूने लागला की पेढे वाटायचे आणि विरुद्ध गेला की ‘परक्यांचा हस्तक्षेप’ म्हणायचं, हे टिकत नाही. २००० मध्ये आपण ‘संमती नाही’ म्हणालो, २०१७ मध्ये ‘तुमची संमती आहे’ म्हणालो. दोन्ही वेळा आपण कायद्यानेच बोललो. सही करणं हा सार्वभौम देशाचाच अधिकार आहे, आणि केलेली सही पाळणं ही त्याची पत. म्हणून खरी काळजी सही करताना घ्यायची. कोणता वाद न्यायालयापुढे नेऊ द्यायचा आणि कोणता नाही, हे तेव्हा ठरतं.

शंभर वर्षांत एक गोष्ट मात्र बदलली. १९११ मध्ये कोठडीतला माणूस दोन राज्यांमधला मुद्दा होता. २००१ मध्ये, जर्मनी विरुद्ध अमेरिका या खटल्यात, वकिलातीशी संपर्काचा हक्क त्या माणसाचा स्वतःचाही आहे, असं याच न्यायालयाने म्हटलं.

आज आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलं दुबईला, जर्मनीला, अमेरिकेला आहेत, कोणाची जहाजावर आहेत. त्यांना आजच सांगून ठेवा: परदेशात पोलिसांनी अडवून ठेवलं तर पहिलं वाक्य ‘मला भारतीय वकिलातीशी संपर्क साधायचा आहे’ हे म्हणायचं, आणि ते नोंदवून घ्यायला लावायचं. जाधवांच्या खटल्यात सगळी लढाई ह्याच हक्कावर उभी होती.

प्रश्न असतील तर चहाच्या वेळी जरूर विचारा.