मोटारीचा गिअरबॉक्स घरीं उतरवितांना

मोटार नादुरुस्त झाली म्हणजे ती मिस्त्रीच्या हवालीं करावी आणि आपण निश्चिंत व्हावें, ही शहरवासी गृहस्थांची सर्वसाधारण रीत आहे. परंतु ही सोय सर्वांनाच सारखी लाभत नाहीं. १९९८ सालीं अकोला जिल्ह्यांतून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्याचेंच उदाहरण घ्यावें. वाशीम, कारंजा, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर व मानोरा हे त्याचे सहा तालुके. तालुक्याच्या गांवीं कुशल मिस्त्री भेटतो; पण आडबाजूच्या खेड्यांत क्लच निकामी झाला, तर गाडी ओढून नेण्यापासून खर्चाला आरंभ होतो. अशा वेळीं घरांतील एखादा हुन्नरी तरुण बाह्या सरसावून गिअरबॉक्स उतरवायला निघतो. त्याचा हुरूप स्तुत्य आहे. तो हुरूप मोडूं नये आणि हाडेंही मोडूं नयेत, एवढ्यासाठीं या कामाचा क्रम समजून घेणें अगत्याचें आहे.

गिअरबॉक्स उतरविला जातो तो पुष्कळदां त्याच्या स्वतःच्या दोषासाठीं नव्हे. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यांत क्लच बसलेला असतो, आणि गिअरबॉक्स बाजूला केल्यावांचून त्याच्यापर्यंत हात पोंचत नाहीं. म्हणून दोष क्लच-प्लेटीचा आहे कीं केवळ केबलच्या ताणाचा, हें आधीं पाहावें. मोकळ्या जागीं, गाडीपुढें कोणी उभें नसतां, हातब्रेक घट्ट ओढावा, तिसरा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन गचका खाऊन बंद पडलें, तर प्लेटीची पकड शाबूत आहे. केबल नीट जुळवूनही इंजिन खुशाल फिरत राहिलें, तर मात्र गिअरबॉक्स उतरविण्यास कारण आहे.

यापुढचा प्रश्न हत्यारांचा नसून जमिनीचा आहे. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यांत चिखल होते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर टेकलेला जॅक केव्हां एका अंगाला कलेल, याचा भरंवसा नाहीं. सपाट व पक्क्या सिमेंटच्या फरशीवरच काम करावें. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. जॅक हें गाडी उचलण्याचें साधन आहे, ती धरून ठेवण्याचें नव्हे. गाडी उचलतांच तिच्या सांगाड्याच्या मजबूत भागांखालीं लोखंडी घोड्या लावाव्यात, बाजूनें ढकलून ती डुलत नाहीं ना हें पाहावें, आणि मगच खालीं शिरावें. विटांचे थर किंवा दगड यांवर गाडी ठेवूं नये. वीट फुटते ती सूचना देऊन फुटत नाहीं. जवळ दुसरा माणूस नसतां गाडीखालीं जाणेंही टाळावें.

हत्यारें तशीं मोजकींच लागतात: रिंग पाने, गोट्या व त्यांचा लांब दांडा, पक्कड, पेचकस, तेलासाठीं पसरट भांडें, चाकें असलेला दुसरा जॅक आणि त्या गाडीच्या दुरुस्तीचें पुस्तक. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी; कारण स्टार्टरची जाड तार पुढें हातांशीं येणार असते. तेल काढण्यापूर्वीं तेल भरण्याचा बोल्ट उघडतो कीं नाहीं, हें पाहावें. जुन्या गाडींत तो जाम झालेला असतो, आणि तेल काढून टाकल्यावर तें उमगलें तर गाडी जागीं अडून पडते. प्रत्येक जोडाचें छायाचित्र घ्यावें. सांध्याचे बोल्ट एकाच लांबीचे नसतात. म्हणून पुठ्ठ्यावर सांध्याची आकृति काढून ज्याचा बोल्ट त्याच्याच जागीं खोंचून ठेवावा.

१९८३ पासून २०१४ पर्यंत निघालेल्या मारुति ८०० मध्यें पुढचीं चाकें गाडी ओढतात. तिच्यांत चाकांकडे जाणारे दोन शाफ्ट काढावे लागतात; त्यांचे मोठे नट चाकें जमिनीवर असतांनाच सैल करावेत. इंजिनाचा एक आधारही गिअरबॉक्सच्याच बाजूला असतो. म्हणून तो सोडण्याआधीं इंजिनाला फळी घालून टेका द्यावा. अँबॅसडरसारख्या गाडींत मागचीं चाकें ओढतात. तेथें लांब प्रोपेलर शाफ्ट सोडतांना दोन्ही तोंडांवर रंगाची खूण करावी, म्हणजे तो पुन्हां जसाच्या तसा बसेल.

गिअरबॉक्सचें वजन छातीवर झेलण्याजोगें नसतें. त्याखालीं जॅक लावून, पट्ट्यानें बांधून, तो दोघांनीं सरळ रेषेंत मागें सरकवावा. तो अडला तर पहार घालूं नये. बहुधा एखादा बोल्ट विसरलेला असतो. अर्धवट निघालेला गिअरबॉक्स आपल्याच शाफ्टवर लोंबकळूं दिला, तर क्लच-प्लेट वांकडी होते. आंतील धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवूं नये. जुन्या प्लेटींच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि तें फुप्फुसांना घातक आहे. धूळ ओल्या फडक्यानेंच टिपावी.

एवढा खटाटोप झाल्यावर रिलीज बेअरिंग व तेलाचें सील हीं तपासून घ्यावींत. त्यांतलें एखादें पुढें बिघडलें, तर हीच सगळी मेहनत पुन्हां करावी लागते. नवी प्लेट सरावाच्या शाफ्टनें मधोमध धरूनच आवळावी. परत चढवितांना गिअरबॉक्स आपसुक भिडला पाहिजे. बोल्ट आवळून त्याला ओढूं गेल्यास त्याचें कवच तडकतें. शेवटीं पुस्तकांत सांगितलेलें तेल ओतावें. काढलेलें तेल मात्र नाल्यांत किंवा शेतांत न सांडतां गोळा करणाराच्या स्वाधीन करावें.

गिअरबॉक्सच्या पोटांतील दांतचक्रांचा दोष निघाला, तर तो खोलून बसूं नये. उतरविलेला गिअरबॉक्स मिस्त्रीकडे नेला तरी गाडी ओढून नेण्याचा खर्च वांचतो. काम एका दिवसांत उरकलें नाहीं, तरी बिघडत नाहीं. अंधार पडला असतां दिव्याच्या उजेडांत उरलेला शेवटचा बोल्ट ओढण्याच्या ईर्ष्येपेक्षां, घोड्यांवर स्थिर उभी असलेली गाडी सकाळपर्यंत तशीच ठेवणें शहाणपणाचें. चार बोल्ट उद्यांवर गेले, तरी माणूस गाडीखालून सुखरूप बाहेर आला, हें अधिक मोलाचें.