रावसाहेब मंडलिक : वकील, कायदेमंडळाचे सदस्य आणि सरकारी वकील

(उज्जैन येथे मराठीभाषक वकील व नागरिक यांच्यासमोर केलेले भाषण)



न्यायाविषयी बोलावयाचे आणि तेही उज्जैनमध्ये, हा योग मी भाग्याचा समजतो. या नगरीत विक्रमादित्याच्या सिंहासनाची कथा लहान मुलालाही ठाऊक असते. रानातल्या एका टेकाडावर गुराख्याचा पोर बसला की तो अचूक न्याय देई आणि खाली उतरला की पुन्हा इतर पोरांसारखाच होई. भोज राजाने ते टेकाड खणविले तेव्हा त्याखाली विक्रमाचे सिंहासन निघाले. परंतु राजा त्यावर चढू लागताच बत्तीस पुतळ्यांनी पाळीपाळीने त्याला अडविले आणि विक्रमाचा अमुक गुण तुझ्या अंगी आहे काय, असे विचारले. आसन माणसाला थोरवी देते हे खरे; पण प्रत्येक आसन माणसाला एक प्रश्नही विचारते, हे या कथेचे मर्म आहे.

आज ज्या पुरुषाची कारकीर्द मी आपल्यापुढे मांडणार आहे, तो एका आयुष्यात तीन आसनांवर बसला. वकील, कायदेमंडळाचा सदस्य आणि सरकारी वकील अशा तिन्ही नात्यांनी त्याने काम केले. ते म्हणजे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक. उज्जैनशी त्यांचा संबंध विद्येच्या वाटेने येतो. 'शालिवाहन आणि शालिवाहन सप्तशती' या विषयावर त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात निबंध लिहिला. आपला विक्रम आणि पैठणचा शालिवाहन हे शककर्ते लोककथेत प्रतिस्पर्धी आहेत. त्यांतील एकाचा मागोवा कोकणातल्या या वकिलाने जुन्या ग्रंथांच्या आधारे घेतला.

मुरूड ते मुंबई

मंडलिकांचा जन्म १८३३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्याच्या मुरूड गावी झाला. पुढे महर्षी कर्वे यांच्यामुळे जे गाव महाराष्ट्राला परिचित झाले, तेच हे मुरूड. रत्नागिरीस आणि नंतर मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षण घेऊन ते सरकारी नोकरीत शिरले. कच्छमध्ये कॅप्टन ले ग्रँड जेकब यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. अशी दहाएक वर्षे गेल्यावर त्यांनी नोकरीचा त्याग केला आणि वकिलीची वाट धरली.

ही वेळ महत्त्वाची होती. १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबईचे उच्च न्यायालय सुरू झाले. दोनच वर्षांनी, १८६४ साली, न्यायालयांना हिंदू धर्मशास्त्र सांगणाऱ्या शास्त्र्यांची पदे रद्द झाली. तोवर दत्तक, वारसा, वाटणी यांविषयी शंका आली की न्यायाधीश शास्त्रीबोवांचे मत मागवीत. आता ते मत वकिलाने ग्रंथांतून काढून दाखविणे क्रमप्राप्त झाले. संस्कृत, इंग्रजी आणि कोर्टाची रीत या तिन्ही गोष्टी अवगत असलेल्या माणसाची तेव्हा न्यायालयाला फार गरज होती. मंडलिक त्या गरजेला उतरले. त्याच १८६४ साली त्यांनी 'नेटिव्ह ओपिनियन' हे पत्र काढले. दिवसा न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडावी आणि पत्रातून लोकांची, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

पोथी आणि प्रघात

त्यांचा हिंदू कायद्यावरील ग्रंथ १८८० साली प्रसिद्ध झाला. नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूख आणि याज्ञवल्क्यस्मृती ही त्याची दोन अंगे होत. मयूखाचा कर्ता काशीस राहिला, पण त्याचे घराणे मूळचे पैठणचे. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे मयूखाला विशेष मान होता. त्याचे बोराडेल यांचे इंग्रजी भाषांतर १८२७ पासून उपलब्ध होते. परंतु जुन्या भाषांतरावर विसंबून वारशाचे निर्णय व्हावेत हे मंडलिकांना पटेना. त्यांनी मूळ संहिता तपासून नवे भाषांतर केले आणि त्याच्या जोडीला लोकांचे प्रत्यक्ष आचारही नोंदविले. मनुस्मृतीची मेधातिथी, कुल्लूक इत्यादी टीकाकारांसह त्यांची आवृत्ती १८८६ साली निघाली.

पोथी आणि प्रघात यांतील हे नाते केवळ विद्वत्तेचे नव्हते. १८८० सालीच प्रिव्ही कौन्सिलने लल्लूभाई बापूभाई यांच्या खटल्यात, गोत्रज सपिंडाच्या विधवेला वारसा मिळण्याची पश्चिम हिंदुस्थानातील परंपरा मान्य केली. इतर प्रांतांत तिला हा हक्क नव्हता. ग्रंथाचा अर्थ आणि लोकांत चालत आलेली वहिवाट या दोहोंच्या बळावर कितीतरी विधवांच्या जमिनी राहणार की जाणार हे ठरत असे. वकिलाने ग्रंथ नीट वाचणे याला एवढी किंमत होती.

दुसरे आसन : कायदेमंडळ

१८७४ साली मंडलिकांची मुंबईच्या कायदेमंडळावर नेमणूक झाली आणि १८८४ साली ते गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळावर गेले. प्रांताच्या कायदेमंडळातून मध्यवर्ती कायदेमंडळात, असा हा प्रवास होता. परंतु ही कायदेमंडळे आजच्यासारखी नव्हती. १८६१ च्या कायद्याप्रमाणे सदस्य निवडून येत नसत. सरकार त्यांना नेमी. पुढे आलेल्या विधेयकावर बोलण्यापलीकडे त्यांना फारसे काही करता येत नसे. प्रश्न विचारण्याचा हक्क १८९२ साली आला आणि तो पाहावयास मंडलिक हयात नव्हते. सरकारनेच बसविलेल्या आसनावर बसून सरकारच्या विधेयकात दोष दाखवायचे, हे अवघड काम होते. जे पटले नाही त्याविरुद्ध ते स्पष्ट बोलत.

मात्र येथेच त्यांच्या कारकिर्दीतील अवघड जागाही येते आणि ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. १८८० साली मुंबई कायदेमंडळात खोती सेटलमेंट कायदा झाला. कोकणात खोत हा सरकार आणि कुळे यांच्यामधील दुवा होता. तो गावचा सारा भरी, कुळांकडून वसूल करी आणि अधिक वसुली स्वतःकडे ठेवी. खोताचे हक्क कोठवर आणि कुळाचे कोठून, हा त्या कायद्यातील वाद होता. मंडलिक स्वतः खोत घराण्यातील. कायदेमंडळात त्यांनी खोतांची बाजू सर्व कायदेशीर सामर्थ्यानिशी मांडली. वतनाचा जुना हक्क कागदोपत्री सिद्ध करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण त्या सभागृहात कुळाचा माणूस कोठे होता? वकील आपल्या पक्षकाराची बाजू मांडतो तेव्हा समोर दुसऱ्या बाजूचा वकील उभा असतो. त्या दोघांच्या झगड्यातून न्यायाधीशाला सत्य दिसते. कायदेमंडळात दुसऱ्या बाजूला आसनच नसेल तर उत्तम वकिलीसुद्धा एकांगी ठरते.

त्या रिकाम्या आसनावर बसणारा माणूस पुढे आला तो याच माळव्यात, महू येथे जन्मला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडव्याचे आणि त्यांचे बालपणीचे काही दिवस दापोलीत गेले. मंडलिकांचे मुरूड त्याच तालुक्यातले. बाबासाहेबही वकील आणि प्रांतिक कायदेमंडळाचे सदस्य. १९३७ साली त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते तेव्हा संमत झाले नाही; पण स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने खोती गेली. दोघांची विद्या कायद्याची आणि भूमीही एकच. उणीव होती ती दुसऱ्या बाजूच्या प्रतिनिधीची. मंडलिकांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. नेमलेल्या कायदेमंडळाची मर्यादा यावरून कळावी, एवढाच हेतू आहे.

तिसरे आसन : सरकारी वकील

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मंडलिक उच्च न्यायालयात सरकारी वकील होते. फौजदारी अपिलांत ते सरकारतर्फे उभे राहत. म्हणजे कायदा करणाऱ्या सभेत बोलणारा गृहस्थ त्याच कायद्याखाली आरोपीविरुद्ध युक्तिवाद करण्यास न्यायालयात हजर होई. त्या काळी यात कोणाला वावगे दिसले नाही. १८८९ साली मंडलिक निवर्तले. त्यांचा ग्रंथसंग्रह पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आला आणि विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडला.

आपल्या संविधानकर्त्यांनी या तीन आसनांमधील अंतर विचारपूर्वक आखले. राज्याचा महाधिवक्ता १७७ व्या अनुच्छेदान्वये विधानमंडळात बोलू शकतो, पण त्या नात्याने त्याला मत देता येत नाही. केंद्रात महान्यायवाद्यासाठी ८८ व्या अनुच्छेदात तशीच तरतूद आहे. लाभाचे पद धारण करणारा विधानमंडळाचा सदस्य होण्यास अपात्र ठरतो, ही दुसरी मर्यादा. पण एका प्रकरणापुरता नेमलेला सरकारी वकील असे पद धारण करतो काय? हा प्रश्न कांता कथुरिया या राजस्थानातील वकील आमदार यांच्या निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९६९ साली बहुमताने निर्णय झाला की हे लाभाचे पद नव्हे. मात्र नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांचे मत याबाबत वेगळे पडले. विद्वान न्यायमूर्तींतही जेथे मतभेद होतो, तेथे सीमारेषा किती नाजूक आहे हे दिसते.

फौजदारी खटल्यातील सरकारी वकिलाविषयी मात्र मतभेद नाही. शिक्षा व्हावी म्हणून आतुर असणे हे त्याचे काम नव्हे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली पुन्हा स्पष्ट केली. आरोपीला न्याय्य रीतीने मिळू शकणारा लाभ त्याच्या वकिलाच्या नजरेतून सुटला, तर सरकारी वकिलाने तो न्यायालयाच्या निदर्शनास आणावा. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही सरकारी वकिलाच्या नेमणुकीची स्वतंत्र तरतूद आहे. कायदा बदलला, आसन तेच आहे.

मित्रहो, आपल्यापैकी काही तरुण वकील उद्या विधानसभेत जातील, काही सरकारतर्फे उभे राहतील. वकिलाला पक्षकाराशी निष्ठा ठेवावी लागते, सदस्याला आपल्या मतदारांइतकीच सभागृहात नसलेल्यांचीही आठवण ठेवावी लागते आणि सरकारी वकिलाला विजयापेक्षा सत्य मोठे मानावे लागते. एका आसनाची सवय दुसऱ्यावर घेऊन बसू नये, एवढेच मंडलिकांच्या यशापासून आणि त्यांच्या मर्यादेपासूनही शिकावयाचे आहे. विक्रमाच्या पुतळ्या या नगरीतून कोठेही गेलेल्या नाहीत. आसनावर बसण्यापूर्वी त्यांचा प्रश्न ऐकण्याची सवय मात्र आपण ठेवली पाहिजे.